वीस ते चाळीसच्या मधे हादरणारी गाडी

आईच्या मणक्याचं ऑपरेशन कोल्हापूरला झालं आणि जून २०२४ मधे आम्ही तिला कराडला घरी आणलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट तीनतीनदा बजावली होती, धक्के बसू द्यायचे नाहीत. म्हणून मी गाडी अगदी जपून आणत होते, मागच्या सीटवर उशा लावून आईला डाव्या बाजूला बसवलेलं, शेजारी माझी लेक. हायवेच्या सहापदरीकरणाचं काम चाललेलं त्यामुळे सारखं सर्व्हिस रोडला उतरायला लागायचं आणि तिथं वीस-तीसच्या वर स्पीड नाही. पेठ नाक्याच्या अलीकडे कुठंतरी आई म्हणाली, "अगं, गादीखालनं मला काहीतरी मारतंय बघ, धड धड धड करतंय." मी म्हटलं रस्ताच तसा आहे आई, थोडं सोस, पुढं चांगला लागतो. पुढं चांगला लागला, स्पीड वाढला आणि आई पण गप्प झाली, त्यामुळे मला खरंच वाटलं की रस्ताच होता.

हे पहिल्यांदा सांगतेय कारण पुढचे सहा आठवडे आणि जवळजवळ चार हजार रुपये मी जे शोधण्यात घालवले ते आईने त्या दिवशी एका वाक्यात सांगितलेलं होतं, कुठं आहे ते पण सांगितलेलं आणि कसं आहे ते पण. मी ऐकलं नाही, मला वाटलं नुकतं ऑपरेशन झालंय म्हणून तिला जास्त जाणवतंय. याचं मला आजही वाईट वाटतं.

गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चार सिलिंडरची, २०२१ मधे सेकंडहँड घेतली. तोपर्यंत काही म्हणजे काही त्रास नव्हता. घरी आल्यावर चार-पाच दिवसांनी शाळेतून येताना (मी शिक्षिका आहे) कॉलनीतल्या सिमेंटच्या नव्या रस्त्यावर मला पण ते जाणवलं. तो रस्ता इतका गुळगुळीत आहे की तिथं रस्त्याला दोष देता येत नाही. पंधराच्या आसपास सुरू व्हायचं, पंचवीस ते पस्तीसच्या मधे सगळ्यात जास्त, चाळीसनंतर कमी कमी होत जायचं आणि साठला काहीच नाही, ऐंशीला गाडी लोण्यासारखी. स्टेअरिंग शांत. पण मागच्या दारात ठेवलेला लेकीचा स्टीलचा डबा टक टक टक वाजायचा, एका लयीत, स्पीड वाढला की लय वाढायची. तो डब्याचा आवाज मी नंतर किती तरी दिवस ऐकत होते पण त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

पहिल्या गॅरेजला गेले तर तिथल्या माणसाने विचारलं मिस्टर नाही आले का, त्यांना पाठवा म्हणजे नीट सांगतील. मी म्हटलं गाडी मीच चालवते, मलाच विचारा. मग त्याने काही विचारलंच नाही, सरळ म्हणाला व्हील बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या मॅडम, व्हायब्रेशनला तेच असतं. केलं. अकराशे रुपये. मशीनवर चारही चाकं फिरवली, रिमला वजनं चिकटवली, स्क्रीनवर शून्य शून्य आलं, मला दाखवलं पण. घरी येईपर्यंत डबा वाजतोय तो वाजतोयच. परत गेले, परत बॅलन्सिंग केलं, यावेळी पैसे घेतले नाहीत, परत शून्य शून्य, परत तेच.

दुसऱ्या ठिकाणी सांगितलं इंजिनचं फाउंडेशन गेलंय. म्हणजे इंजिन ज्या रबराच्या माउंटिंगवर बसवलेलं असतं ते. बॉनेट उघडून त्याने मला इंजिन हलताना दाखवलं, रबराला चीर पण होती हे खरं आहे, त्यामुळे तो खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. सव्वीसशे रुपये गेले. सिग्नलला गाडी उभी असताना जी बारीक थरथर असायची ती खरंच गेली, पण चालत्या गाडीची धडधड जशीच्या तशी. तो म्हणाला मग आता दोन्ही एक्सल (इंजिनचा जोर चाकांपर्यंत नेणारे दांडे) बदलून बघू, जॉइंट खराब असणार, साधारण नऊ हजार लागतील. "बदलून बघू" हा शब्द ऐकला आणि मी म्हटलं थांबा. नऊ हजार हा आईच्या फिजिओथेरपीचा दोन महिन्यांचा खर्च आहे, तो मी "बघू"वर घालवणार नाही.

त्या रात्री मी आणि लेक जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसलो. ती नववीत आहे. मी वर्गात मुलांना सारखं सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतंय ते लिहून ठेवा, मग गाडीला तेच का नाही करायचं. गाडीत हलणाऱ्या किंवा फिरणाऱ्या गोष्टी आहेत तरी किती, इंजिन, क्लच, एक्सल, चाकं, ब्रेक. प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या वेळी फिरते किंवा जोर घेते, मग ज्या वेळी हादरा येतो त्या वेळी कोण काम करत होतं आणि कोण रिकामं होतं एवढंच शोधायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दोघी निघालो, ओगलेवाडीच्या पुढे विट्याच्या रस्त्याला एक सपाट सरळ पट्टा आहे तिथं. आधी गाडी जागेवर उभी करून न्यूट्रलला रेस दिली, पंधराशे, दोन हजार, अडीच हजार आरपीएम (म्हणजे इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या), प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून. काही नाही, डबा गप्प. म्हणजे इंजिन नुसतं फिरल्याने हे होत नाही, आणि मिसिंग (एखादं सिलिंडर मधेच न पेटणं) असतं तर बहुधा इथंच कळलं असतं. मग फर्स्टला हळूच क्लच सोडत उठवली. आमच्या शाळेतल्या एका सरांच्या गाडीला क्लचप्लेटचा प्रॉब्लेम होता तेव्हा ती उठतानाच अशी गडगडायची की वाटायचं बंद पडतेय, आणि एकदा क्लच पूर्ण सुटला की शांत. आमच्या गाडीत उठताना काहीच नाही, आणि क्लच पूर्ण सुटल्यावर पुढं स्पीड पकडल्यावर सुरू होतंय. म्हणजे क्लच नाही.

मग तीसला नेऊन सेकंड गियरमधे धरून ठेवली, डबा वाजतोय. त्याच तीसला थर्ड टाकला. इथं इंजिनचा आवाज एकदम खाली आला, आरपीएमचा काटा पडला, पण डब्याची लय तीच. अगदी तीच. लेक मागनं ओरडली, "आई, काही फरक नाही!" मला वाटतं पहिल्यांदा त्या क्षणी मला कळलं की आपण बरोबर वाटेवर आहोत, कारण इंजिनचा वेग जर जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाला आणि हादऱ्याचा वेग तोच राहिला तर हादरा इंजिनचा नाहीच. माउंटिंगवर घातलेले सव्वीसशे रुपये त्या एका गियर बदलण्याने वाचले असते.

पुढची टेस्ट, चाळीसला नेऊन क्लच दाबून न्यूट्रल केली आणि गाडी आपोआप हळू होऊ दिली. हे रिकाम्या सपाट रस्त्यावरच करायचं, उतारावर किंवा घाटात अजिबात नाही, इंजिनचा ब्रेक सुटतो, आणि चावी कधीच बंद करायची नाही, ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात. पस्तीस, तीस, पंचवीस, डबा वाजतोच आहे. यावरनं एक्सलचा संशय बराच कमी झाला. एक्सलच्या आतल्या बाजूचा जॉइंट घासला असला की सहसा ॲक्सिलरेटर देताना गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, कारण जोर पडतो तेव्हाच आतले रोलर खाचेत अडखळतात. आमची तर काहीच जोर नसताना पण तेवढीच हादरत होती. नऊ हजार वाचले असं मी तिथंच वहीत लिहिलं. ब्रेकचं पण बघितलं, हलका ब्रेक दाबून हादरा वाढतो का, पेडल पायाखाली थरथरतं का. नाही. डिस्क वाकडी असली तर ब्रेक लावतानाच कळतं.

राहिली चाकं. पण चाकं तर दोनदा मशीनवर शून्य आलेली. इथं मी अडकले होते, आणि इथनं मला माझ्या लेकीने बाहेर काढलं.

ती म्हणाली, "आई, डबा एका सेकंदात किती वेळा वाजतो ते मोजू, आणि चाक एका सेकंदात किती वेळा फिरतं ते काढू, दोन्ही एकच आलं तर चाकच." टायरवर लिहिलेलं असतं, आमच्यावर १६५/८० आर १४ आहे. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२, आणि रिम १४ इंचांची. रिमचे ३५५.६ मिलिमीटर, त्यात वरची आणि खालची मिळून दोनदा १३२, झाले साधारण ६२० मिलिमीटर व्यास. गुणिले ३.१४, म्हणजे परीघ जवळजवळ १ मीटर ९५ सेंटीमीटर. एका फेरीत गाडी तेवढी पुढं जाते, वजनाने टायर थोडा दबतो म्हणून खरं तर किंचित कमी. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५.५५ मीटर, भागिले १.९५, म्हणजे सेकंदाला २.८५ फेऱ्या. दहा सेकंदात अठ्ठावीस-एकोणतीस.

तिने हे सगळं मागच्या सीटवर वहीत केलं, मला फक्त म्हणाली बरोबर वीस धर. गाडीचा काटा थोडा जास्तच दाखवतो म्हणून मोबाइलवर जीपीएसचा स्पीड लावला होता. मी वीस धरला, ती मोठ्याने मोजत होती आणि मोबाइलचं स्टॉपवॉच चालू. पहिल्यांदा अठ्ठावीस. परत केलं, एकोणतीस. तिसऱ्यांदा अठ्ठावीस. मी गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ आम्ही दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत बसलो. तिने एरवी गणिताचा कंटाळा केलेला मी रोज बघते, पण त्या दिवशीचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

तिसाला सेकंदाला चारच्या वर होतं, ते तोंडाने मोजणं जमत नाही. त्यासाठी फायफॉक्स नावाचं एक फुकट ॲप आहे, जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाने शाळा-कॉलेजच्या प्रयोगांसाठी बनवलेलं, मोबाइलमधला सेन्सर वापरून ते कंपनाचा आलेख काढतं. विज्ञानाच्या तासाला मी ते वापरते. मोबाइल मागच्या सीटच्या पायाजवळ चिकटपट्टीने घट्ट बसवला. तीसला आलेखात टोक आलं सेकंदाला ४.३ च्या आसपास, चाळीसला ५.७ च्या आसपास. वहीतलं उत्तर तिसाचं ४.२७ आणि चाळिसाचं ५.७. आणि गाडी जागेवर चालू ठेवली तर टोक कुठंतरी २६-२७ ला, ते इंजिनचं, चार सिलिंडरचं इंजिन आठशे आरपीएमला सेकंदाला तेवढेच ठोके देतं. दोन्हीत इतका फरक आहे की गोंधळ होऊच शकत नाही. ज्यांच्या गाडीचा टायर वेगळ्या मापाचा आहे त्यांनी आपल्या आकड्याने हाच हिशोब करायचा, दहा मिनिटांचं काम आहे.

आता चाक हे नक्की, पण चारातलं कोणतं. साधारण असं आहे की पुढचं चाक असेल तर स्टेअरिंग हातात डावी-उजवी हलतं, आणि मागचं असेल तर सीटमधून, कमरेतून जाणवतं. माझं स्टेअरिंग शांत होतं. घरी आलो, दादा आला होता, त्याला म्हटलं तू चालव, मी मागे बसते. आणि मी डावीकडे बसले, जिथं आई बसली होती तिथं.

पहिला कोपरा वळायच्या आत मला कळलं. पुढच्या सीटवर जे नुसतं जाणवत होतं ते इथं खालनं मारत होतं, सीटच्या गादीतून थेट मणक्यात, दर फेरीला एक. सरकून उजवीकडे बसले, कमी झालं. परत डावीकडे, परत तेच. मी माझ्या आईला कोल्हापूरपासून कराडपर्यंत, सत्तर किलोमीटर, टाके ओले असताना, या जागेवर बसवून आणली होती आणि तिने एकदाच सांगितलं. मला रडू आलं, दादाने गाडी थांबवली, त्याला वाटलं मला काही लागलं.

घरी येऊन लगेच डावीकडचं मागचं चाक उचललं. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, गियरमधे टाकली, हँडब्रेक सोडला (मागचं चाक फिरायला हवं ना), जॅक लावला आणि चाक हाताने फिरवून बघितलं. वरून-खालून धरून हलवलं, बेरिंगमधे काही खेळ नाही, घुंघुं आवाज नाही. बाहेरून बघितलं, टायर गोल दिसतोय. नक्षी पण चांगली चार मिलिमीटर शिल्लक, कायद्याने लागते १.६. बाहेरच्या बाजूला फुगा नाही, चीर नाही. मला शंका यायला लागली की आपलं चुकलं का काय.

दादा म्हणाला कशाला डोकं लावतेस, स्टेपनी लाव आणि चालवून बघ. आमची स्टेपनी त्याच मापाची आहे. लावली. कॉलनीच्या सिमेंटच्या रस्त्यावर वीस, तीस, चाळीस. डबा वाजला नाही. सहा आठवड्यांनी पहिल्यांदा. ज्यांची स्टेपनी बारीक मापाची असते त्यांनी त्याच बाजूचं पुढचं आणि मागचं चाक अदलाबदल करून कॉलनीत अगदी हळू एक चक्कर मारावी, खराब चाक पुढं गेलं की हादरा सीटमधून स्टेअरिंगमधे येतो, तेवढ्यावर पण कळतं.

काढलेलं चाक घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलो. साठीचे आहेत, छोटीशी टपरी, एक कॉम्प्रेसर आणि पाण्याचा टब. मी सगळं सांगायला लागले तर त्यांनी नुसता हात वर केला, चाक मांडीवर आडवं घेतलं, आणि तळहात टायरच्या नक्षीवरून हळूहळू फिरवायला लागले, डोळे मिटून म्हणलं तरी चालेल, जसं पीठ मळताना गुठळी शोधतात तसं. बाहेरच्या कडेवरून एक फेरी, मधून एक फेरी, मग चाक उलटं करून आतल्या कडेवरून. तिथं हात थांबला. माझा हात धरून तिथं ठेवला, "बेटा, हे बघ." चार बोटं रुंदीचा एक उंचवटा, इतका हळुवार चढणारा की डोळ्याला दिसतच नव्हता, पण हाताला स्पष्ट लागत होता. गाडीच्या आतल्या बाजूला होता म्हणून मला बाहेरून दिसला नव्हता.

मग त्यांनी चाक एका उभ्या दांड्यावर बसवलं, शेजारी विटांवर खडूचा तुकडा असा टेकवला की तो टायरच्या आतल्या कडेपासून जेमतेम दोन-तीन मिलिमीटर लांब राहील, आणि चाक हळू फिरवलं. सगळी फेरी खडू मोकळा, आणि एका जागी टक करून लागला, तिथं पांढरी रेघ. परत फेरी, परत त्याच जागी. पाच-सहा फेऱ्या झाल्यावर सगळ्या काळ्या टायरवर फक्त एकाच ठिकाणी पांढरा पट्टा, चार बोटांचा. तो टक आवाज आणि दारातल्या डब्याचा टक, मला दोन्ही एकच वाटले.

"पट्टा सुटलाय आतला," चाचा म्हणाले. आजच्या रेडियल टायरमधे नक्षीच्या खाली स्टीलच्या बारीक तारांचे पट्टे असतात, रबरात बसवलेले, त्यांच्यामुळे टायर रस्त्यावर सपाट आणि गोल राहतो. जुना झाला, हवा कमी ठेवून चालवला, एखाद्या खड्ड्यात जोरात बसला की रबर आणि पट्टा यांची पकड एखाद्या ठिकाणी सुटते आणि आतली हवा तेवढी जागा बाहेर ढकलते. गाडीचं वजन त्यावर आलं की दर फेरीला गाडी तेवढी उचलली जाते आणि खाली बसते. कमी वेगात हे उचलणं सावकाश असतं म्हणून अख्खी बॉडी त्याच्याबरोबर हलते, जास्त वेगात ठोके इतके भराभर येतात की रस्त्याच्या आवाजात आणि थरथरीत मिसळून जातात. मला ऐंशीला गाडी लोण्यासारखी वाटत होती ती यामुळे, आणि खरा धोका तर ऐंशीलाच होता. चाचांनी सरळ सांगितलं की हा उन्हाळ्यात हायवेवर फाटला असता, नक्षीचा अख्खा पट्टा उडतो अशा वेळी.

आणि बॅलन्सिंगच्या मशीनवर शून्य का आलं हे पण तेव्हा कळलं. ते मशीन चाकाचं वजन सगळीकडे सारखं वाटलंय का तेवढंच बघतं, चाक गोल आहे का ते साधं मशीन बघतच नाही. उंचवट्यावर वजन काही फार वाढलेलं नसतं, रबर आणि तार तेवढीच, फक्त जागा सरकलेली. चाक अंडाकृती असलं तरी वजनं लावून ते शून्य करता येतं. बॅलन्सिंगचा खरा दोष तर उलट जास्त स्पीडला कळतो, ऐंशी-शंभरला, कारण तो जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे "वीस-तीसला हादरते आणि ऐंशीला शांत" हे एवढं वाक्य जरी त्या पहिल्या गॅरेजने ऐकून घेतलं असतं तर बॅलन्सिंग सांगायलाच नको होतं. मशीनवर चाक फिरत असताना कोणी नक्षीकडे समोरून बघितलं असतं तरी ते वरखाली होताना दिसलं असतं. बघणारा स्क्रीनकडे बघत होता. मी पण स्क्रीनकडेच बघत होते.

चाचांनी टायरच्या कडेवरचा चार आकडी नंबर दाखवला, ३११६. पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. आठ वर्षांचा टायर. गाडी घेताना आम्ही नक्षी बघून खूश झालो होतो, मागचे टायर नवेच दिसतायत म्हणून. आधीच्या मालकाने गाडी कमी फिरवली असणार, नक्षी झिजली नाही पण रबर उन्हात म्हातारं झालं. तो नंबर कधीकधी टायरच्या फक्त एकाच बाजूला पूर्ण छापलेला असतो, ती बाजू गाडीखाली गेली की वाकून मोबाइलच्या उजेडात शोधायला लागतो. हा नंबर कुठं असतो ते मला एक्केचाळीस वर्षांची होईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं, आता मी दिसेल त्याला सांगते, स्टाफरूममधे सगळ्यांना पार्किंगमधे नेऊन त्यांच्या त्यांच्या टायरवर शोधायला लावलं, दोघांचे २०१४ चे निघाले.

उजवीकडचा मागचा पण त्याच आठवड्याचा होता म्हणून दोन्ही बदलले, एकेक बेचाळीसशे. दुकानात मी म्हणणार होते नवीन पुढं लावा, तर त्यानेच समजावलं की नवीन जोडी मागे लावायची, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी, कारण पावसात मागची पकड सुटली तर गाडी गर्रकन फिरते आणि ती आपल्याला सावरता येत नाही, पुढची सुटली तर निदान ॲक्सिलरेटर सोडून सावरता येतं. पटलं. तिथं पण मी चाक मशीनवर असताना स्क्रीन सोडून नक्षीकडे बघत उभी राहिले, दोन्ही टायर अगदी सरळ फिरत होते. बिलावर दोन्ही टायरचे नंबर लिहून घेतले, दोन्ही २०२४ चेच.

ऑगस्टमधे आईला चेकअपला परत कोल्हापूरला न्यायचं होतं. आदल्या दिवशी लेकीने परत मोबाइल मागे चिकटवून चक्कर मारायला लावली, तीसला ४.३ ला आता टोक असं काही नाहीच, नुसत्या रस्त्याच्या बारीक रेघा, गवत उगवल्यासारख्या. मग आईला परत तिच्या त्याच जागेवर डावीकडे बसवलं. सर्व्हिस रोड तसाच, खड्डे तसेच, पेठ नाका गेला, मी आरशात बघत होते पण विचारायची हिंमत होत नव्हती. किणी टोलनाक्याजवळ विचारलंच, आई आता मारतंय का गं खालनं. ती म्हणाली, "नाही, आता रस्त्याचा रस्ता वाटतोय." मी तिची माफी मागितली, ती म्हणाली गाडी चालवताना पुढं बघ.

परत आल्यावर पाचवा टायर बघितला, स्टेपनी, जिच्या जिवावर आम्ही तीन दिवस फिरलो होतो आणि जिने हा सगळा शोध लावून दिला. नक्षीवर धूळ सोडून काही नाही, रबरावरचे बारीक केस पण शाबूत. नंबर ०९१५. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांच्या पुढचा टायर, न वापरलेला असला तरी, लावू नका. म्हणजे हिची मुदत मार्च २०२५ पर्यंतच होती. वहीच्या शेवटच्या पानावर पाचही टायरचे नंबर लिहून ठेवलेत आणि त्या फेब्रुवारीच्या पगारातून बेचाळीसशे बाजूला काढायचे असं लेकीने त्याच्यासमोर तेव्हाच लाल पेनने लिहिलं.